अमेरिकेतल्या मराठी मतदारांना खुलं पत्र: पोर्तो रिकोच्या मताचा प्रश्न तुमचाही आहे

प्रिय बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

थंडी पडली की तुमच्याकडून पोर्तो रिकोचे, कॅरिबियन समुद्रातल्या त्या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटाचे, फोटो यायला लागतात. सॅन हुआनचा एल मोरो किल्ला, जुन्या गावातले निळसर दगडी रस्ते, एल युंकेच्या जंगलातले धबधबे. माझी भाची आणि जावई तिथे गेले, तेव्हा हीच जागा का निवडली ते भाचीनं फोनवर सांगितलं. एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, असताना पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपलेली असली, तर देशाबाहेर पाऊल टाकायची धास्ती असते. नव्या व्हिसाच्या शिक्क्याची (स्टॅम्पिंगची) तारीख कधी मिळेल आणि परतीची वाट मोकळी असेल की नाही, काही सांगता येत नाही. त्यामुळे मेक्सिको नको, बहामा नको. पोर्तो रिकोला डोमेस्टिक विमान जातं, पोचल्यावर इमिग्रेशनची रांग नसते. "मावशी, ते अमेरिकेतच आहे गं," असं ती म्हणाली.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे तिचं हे वाक्य माझ्या मनातून जाईना. विमानाच्या तिकिटापुरतं ते खरं आहे. मतपेटीपाशी मात्र ते खरं राहत नाही. तुमच्यापैकी ज्यांनी नागरिकत्वाची शपथ घेतली आहे आणि जे नोव्हेंबरात रांगेत उभे राहून मत देतात, त्यांच्यासाठी हे पत्र आहे.

पोर्तो रिकोत जन्मलेला माणूस जन्मतः अमेरिकेचा नागरिक असतो. पण बेटावर राहतो तोवर राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत त्याला मत नाही. 2020 च्या जनगणनेत तिथे सुमारे 33 लाख लोक होते. एवढ्या लोकांचा मिळून काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, प्रतिनिधिगृहात एक प्रतिनिधी असतो. त्याला समितीत बसता येतं, बोलता येतं, पण विधेयकावरच्या अंतिम मतदानात हात वर करता येत नाही. सिनेटमध्ये तर त्यांचं कोणीच नाही. तोच माणूस फ्लोरिडातल्या ऑरलँडोला राहायला गेला की पूर्ण मतदार होतो. हे तुम्हालाही लागू आहे. उद्या एडिसनचं घर विकून तुम्ही पुण्याला परत आलात, तरी न्यू जर्सीचे मतदार म्हणून टपालानं राष्ट्राध्यक्षासाठी मत देऊ शकता. सॅन हुआनला राहायला गेलात तर ते मत जातं. अमेरिकेचा झेंडा फडकतो त्या जमिनीवर मत नाही आणि कोथरूडमध्ये आहे, असा हा कायदा आहे.

हे असं का झालं, याचं उत्तर 1898 सालात आहे.

त्या वर्षी फेब्रुवारीत हवानाच्या बंदरात 'मेन' ही अमेरिकी युद्धनौका स्फोटात बुडाली आणि एप्रिलमध्ये अमेरिकेनं स्पेनविरुद्ध युद्ध पुकारलं. क्यूबाच्या लोकांना स्पेनच्या जाचातून सोडवायचं, असं कारण दिलं होतं. पण पहिली मोठी लढाई झाली ती 1 मे रोजी, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, स्पेनच्याच ताब्यातल्या फिलिपिन्समध्ये, मनिलाच्या आखातात. जूनमध्ये पॅसिफिकमधलं ग्वाम बेट घेतलं. युद्ध सुरू झालंय हे तिथल्या स्पॅनिश अधिकाऱ्यांना माहीतच नव्हतं. अमेरिकी जहाजाच्या तोफा ऐकून त्यांना ती सलामी वाटली. 25 जुलैला जनरल माइल्सचं सैन्य पोर्तो रिकोच्या ग्वानिका गावी उतरलं. डिसेंबरात पॅरिसला तह झाला आणि पोर्तो रिको, ग्वाम, फिलिपिन्स अमेरिकेकडे आले. फिलिपिन्सपोटी स्पेनला दोन कोटी डॉलर मिळाले. फिलिपिनो लोकांनी 12 जूनलाच स्वतःचं स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. त्यांचा दूत फेलिपे आगोन्सियो पॅरिसला जाऊन दार ठोठावत राहिला, पण त्याला आत घेतलं नाही. या तहाच्या नवव्या कलमात लिहिलं आहे की तिथल्या मूळ रहिवाशांचे हक्क आणि राजकीय दर्जा अमेरिकेची काँग्रेस ठरवील. ज्यांच्याबद्दल हे लिहिलं, त्यांच्यापैकी एकही माणूस खोलीत नव्हता.

फिलिपिन्समध्ये पुढे जे झालं ते युद्धच होतं. 4 फेब्रुवारी 1899 ला गोळीबार सुरू झाला. दोनच दिवसांनी सिनेटनं तह मंजूर केला, 57 विरुद्ध 27 मतांनी, म्हणजे लागणाऱ्या दोन-तृतीयांशापेक्षा फक्त एक मत जास्त. तीन वर्षांहून अधिक काळ चाललेल्या त्या युद्धात सुमारे 4,200 अमेरिकी सैनिक गेले. फिलिपिनो सैनिक वीस हजारांच्या आसपास गेले आणि उपासमारीनं, पटकीनं, छावण्यांत कोंडल्यामुळे मेलेली साधी माणसं लाखांनी होती. सामार बेटावर जनरल जेकब स्मिथनं दहा वर्षांवरच्या सगळ्यांना मारायचा हुकूम दिला होता. त्याच्यावर लष्करी खटला चालला आणि शिक्षा झाली ती ताशेरे व सक्तीची निवृत्ती एवढीच. अमेरिकेतही याविरुद्ध आवाज उठला, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. बोस्टनमध्ये साम्राज्यवादविरोधी संघटना उभी राहिली. तिच्यात लेखक मार्क ट्वेन होते, तत्त्वज्ञ विल्यम जेम्स होते, पोलाद-उद्योगपती अँड्र्यू कार्नेगीही होते. ही सगळी मंडळी मतदार होती आणि आपल्या सरकारला जाब विचारत होती.

हवाईची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. तिथे युद्ध झालंच नाही. 1893 च्या जानेवारीत साखरेच्या मळ्यांशी आणि व्यापाराशी बांधलेल्या मूठभर गोऱ्या मंडळींनी, अमेरिकी राजदूताच्या पाठबळावर आणि किनाऱ्यावर उतरवलेल्या अमेरिकी नौसैनिकांच्या धाकाखाली, राणी लिलिउओकलानी यांचं राज्य उलथवलं. नंतरचे राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांनी चौकशी करून ते अन्यायाचं ठरवलं आणि विलीनीकरणाचा तह मागे घेतला. 1897 मध्ये पुढचे राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ले यांनी नवा तह पुढे आणला, तेव्हा हवाईच्या लोकांनी बेटाबेटांवर फिरून विरोधाच्या सह्या गोळा केल्या. पुरुषांचे कागद वेगळे, बायकांचे वेगळे, नावापुढे वय लिहिलेलं. एकवीस हजारांहून जास्त सह्या झाल्या. मूळ हवाईयन लोकसंख्याच तेव्हा चाळीस हजारांच्या घरात होती, म्हणजे मुलंबाळं सोडली तर जवळजवळ सगळ्या जमातीनं नाही म्हटलं होतं. ते कागद घेऊन चार माणसं वॉशिंग्टनला गेली, सिनेटर्सना भेटली आणि तहाला दोन-तृतीयांश मतं मिळेनात. एका छोट्या जमातीनं कागद-दौतीच्या बळावर महासत्तेला थांबवलं. मग युद्ध आलं, पॅसिफिकमध्ये कोळसा भरायला बंदर हवं झालं आणि तहाऐवजी साध्या बहुमताचा ठराव करून जुलै 1898 मध्ये हवाई घेतली. साध्या बहुमतासाठी दोन-तृतीयांश लागत नाहीत. 1993 मध्ये काँग्रेसनं ठराव करून माफी मागितली. सह्यांचे कागद वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

क्यूबाला नावाचं स्वातंत्र्य मिळालं आणि ग्वांतानामोचा आरमारी तळ अमेरिकेकडे राहिला. 1917 मध्ये डेन्मार्ककडून व्हर्जिन बेटं अडीच कोटी डॉलरला घेतली. फिलिपिन्स 1946 मध्ये स्वतंत्र झाला, हवाई 1959 मध्ये राज्य झालं. पोर्तो रिको, ग्वाम, अमेरिकन सामोआ आणि व्हर्जिन बेटं तेव्हापासून अधांतरी आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर हाताखाली आलेली उत्तर मारियाना बेटंही त्याच रांगेत आहेत.

त्यांना अधांतरी ठेवणारा निकाल संत्र्यांवरून लागला. 1900 साली सॅन हुआनहून न्यूयॉर्कला संत्री आली. कस्टमनं त्यांच्यावर 659 डॉलर 35 सेंट जकात घेतली. डाऊन्स नावाच्या व्यापाऱ्यानं ती भरली आणि दावा लावला. त्याचं म्हणणं सरळ होतं: पोर्तो रिको अमेरिकेचं असेल तर देशातल्या देशात जकात कसली? राज्यघटना सांगते की कर सगळीकडे सारखा हवा. 27 मे 1901 ला सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी व्यापाऱ्याविरुद्ध निकाल दिला. मुख्य निकाल लिहिणारे न्यायमूर्ती हेन्री ब्राउन. काळ्यांना रेल्वेच्या वेगळ्या डब्यात बसवणं घटनेत बसतं, असं 1896 मध्ये ठरवणारा प्लेसी खटल्याचा निकालही यांचाच. त्यांनी लिहिलं की ही बेटं भिन्न वंशांच्या लोकांची आहेत, त्यांचा धर्म, चालीरीती, विचार करायची पद्धत वेगळी आहे आणि तिथे अँग्लो-सॅक्सन तत्त्वांनी कारभार काही काळ तरी अशक्य असेल. दुसऱ्या न्यायमूर्तींनी सिद्धान्त मांडला की पोर्तो रिको जगाच्या दृष्टीनं अमेरिकेचं आहे, पण देशाच्या आतल्या हिशेबात परकं आहे. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर घरात ठेवून घेतलं, पण रेशनकार्डावर नाव चढवलं नाही. न्यायमूर्ती हार्लन यांनी दोन्ही खटल्यांत विरोधी मत लिहिलं होतं. प्लेसीचा निकाल 1954 मध्ये निकामी झाला. संत्र्यांचा निकाल आजही उभा आहे.

त्यानंतर सव्वा वर्षानं, ऑगस्ट 1902 मध्ये, इसाबेल गोन्झालेझ नावाची तरुण गरोदर बाई पोर्तो रिकोहून न्यूयॉर्कला आली. तिचा होणारा नवरा स्टॅटन आयलंडला कामाला होता. तिला एलिस आयलंडवर, जिथे बाहेरून येणाऱ्यांची तपासणी होई तिथे, अडवलं. ही सरकारवर ओझं होईल, असं कारण दिलं. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. दरम्यान तिचं लग्न झालं. लग्न दाखवून तिला सुटता आलं असतं, पण तिनं ते पुढे केलं नाही, कारण तिला आपल्या सगळ्या लोकांचा निकाल हवा होता. 1904 मध्ये कोर्टानं सांगितलं की ती परदेशी नाही. नागरिक आहे का, यावर कोर्ट बोललंच नाही. नागरिकत्व मिळालं ते 1917 मध्ये, मताशिवाय.

आता तुमच्या-माझ्या गोष्टीकडे येते. त्याच सुप्रीम कोर्टानं 1923 मध्ये भगतसिंग थिंड या पंजाबी गृहस्थांच्या खटल्यात ठरवलं की हिंदुस्थानी माणूस गोरा नाही, म्हणून त्याला नागरिक होता येणार नाही. ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं, त्यांचंही काढून घ्यायला सरकारनं सुरुवात केली. लॉस एंजेलिसचे वकील सखाराम गणेश पंडित थिंड यांच्या बाजूनं उभे होते. त्यांच्या स्वतःच्या नागरिकत्वावरही गदा आली, तेव्हा ते लढले आणि 1927 पर्यंत ती लढाई जिंकले. हिंदी लोकांना नागरिकत्वाचं दार उघडलं ते 1946 च्या कायद्यानं. त्या कायद्यात दोनच देशांच्या लोकांची नावं होती, हिंदी आणि फिलिपिनो, प्रत्येकी वर्षाला शंभर जणांना प्रवेश. म्हणजे ज्या कायद्यापासून तुमचा रस्ता सुरू झाला, त्याच कायद्यात त्या बेटांवरची माणसं तुमच्या शेजारी उभी होती. 1965 च्या इमिग्रेशन कायद्यानंतर तुमच्यासाठी आणि फिलिपिनो लोकांसाठी दार सताड उघडलं. अधांतरी राहिलेल्या बेटांसाठी मताचं दार मात्र किलकिलंच राहिलं.

अधांतरी राहण्याची किंमत आज काय आहे, तेही बघा. 20 सप्टेंबर 2017 ला मारिया चक्रीवादळ पोर्तो रिकोवर आलं. सरकारी आकडा कित्येक महिने 64 मृत्यूंचा होता, नंतर तो 2,975 धरला गेला. काही भागांत वीज यायला वर्ष होत आलं. अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा तर जहाज अमेरिकेतच बांधलेलं हवं, असा 1920 चा कायदा आहे. वादळानंतर तो फक्त दहा दिवस बाजूला ठेवला. 2016 पासून बेटाच्या तिजोरीवर एक मंडळ बसवलेलं आहे. लोक त्याला 'ला हुंता' म्हणतात. त्याचे सात सदस्य राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि बेटाच्या निवडून आलेल्या विधिमंडळाच्या अंदाजपत्रकावर त्यांची मर्जी चालते. राष्ट्राध्यक्षाला निवडायचा अधिकार त्या लोकांना नाही, आणि त्यानं नेमलेली माणसं त्यांच्या शाळांचा खर्च कापतात.

न्यूयॉर्कला अपंग-निर्वाहाचा सरकारी भत्ता घेणारे एक गृहस्थ 2013 मध्ये पोर्तो रिकोला राहायला गेले. हा भत्ता बेटावर मिळत नाही, म्हणून सरकारनं तो बंद केला, शिवाय मधल्या काळात दिलेले अठ्ठावीस हजार डॉलर परत मागितले. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं आठ विरुद्ध एक मतांनी सरकारचं म्हणणं उचलून धरलं. एकटं विरोधी मत होतं न्यायमूर्ती सोतोमायोर यांचं. त्यांचे आईवडील पोर्तो रिकोचे. आणि न्यायमूर्ती गोर्सच यांनी, जे कोणत्याही अर्थानं डावे नाहीत, वेगळं टिपण लिहून सांगितलं की 1901 चे ते निकाल वंशाच्या कल्पनांवर उभे आहेत आणि ते रद्द व्हायला हवेत. म्हणजे हा पक्षाचा प्रश्न नाही. तुम्ही रिपब्लिकन असा, डेमोक्रॅट असा, बोलायला जागा आहे.

"ते लोक केंद्राचा आयकर भरत नाहीत, मग मत कशाला?" हा प्रश्न मला तुमच्यापैकी दोघा-तिघांनी विचारला आहे. बेटावरच्या उत्पन्नावर बहुतेकांना तो कर नाही, हे खरं. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे पैसे मात्र त्यांच्या पगारातून कापले जातात आणि बेटाचा स्वतःचा आयकर असतोच. मुख्य म्हणजे मत हे कराच्या पावतीवर मिळत नाही. फ्लोरिडातला निवृत्त माणूस एक डॉलरही आयकर भरत नसला तरी मत देतो. कर चुकवण्याचं बोलायचं तर बाहेरून बेटावर राहायला येणाऱ्या श्रीमंतांना भांडवली नफ्यावर मोठी सूट आहे आणि तिथेच जन्मून तिथेच राहिलेल्याला ती नाही. भाडी वाढून सॅन हुआनची जुनी कुटुंबं बाहेर पडतायत, याची चीड मला येते.

तिथल्या लोकांना नक्की काय हवंय, यावर त्यांच्यात एकमत नाही. कोणाला राज्याचा दर्जा हवा, कोणाला स्वातंत्र्य, कोणाला आजचीच व्यवस्था थोडी सुधारून. 2020 च्या सार्वमतात 52 टक्क्यांहून थोडी जास्त मतं राज्याच्या बाजूनं पडली, पण ते सार्वमत काँग्रेसवर बंधनकारक नव्हतं. सामोआचा पेच आणखी वेगळा आहे. तिथे जन्मलेल्यांच्या पासपोर्टवर छापलेलं असतं की हा माणूस अमेरिकेचा 'नॅशनल' आहे, नागरिक नाही. अमेरिकी लष्करात ती मुलं मोठ्या संख्येनं जातात. तरीही तिथलं स्थानिक सरकार म्हणतं की कोर्टानं नागरिकत्व लादलं, तर आमची कुळांची सामाईक जमीन धोक्यात येईल. त्यामुळे कोणता पर्याय बरा, हे तुम्ही आणि मी सांगायचं नाही. त्यांनी ठरवावं आणि ठरवलेलं वॉशिंग्टननं मानावं, एवढ्यासाठी मात्र तुम्ही बोलू शकता.

दादाभाई नौरोजी 1892 मध्ये लंडनच्या फिन्सबरी सेंट्रलमधून हातावर मोजण्याइतक्या मतांनी ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आले. हिंदुस्थानात तेव्हा कोणालाही त्या पार्लमेंटसाठी मत नव्हतं. फिन्सबरीच्या मतदारांनी, ज्यांचा मुंबईशी काही संबंध नव्हता, त्यांना तिथे पाठवलं आणि दादाभाईंनी तिथे उभं राहून आपल्या लुटीचा हिशेब मांडला. आज बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून निवडून येऊन प्रतिनिधिगृहात बसले आहेत. मला त्याचा अभिमान आहे. साडेसात लाख लोकांच्या वतीनं त्यांना मत आहे. तेहतीस लाखांच्या प्रतिनिधीला नाही. तुमच्या दारी मत मागायला जो येईल, मग तो मराठी असो की आयरिश, त्याला तुम्ही फिन्सबरीच्या मतदारांसारखे प्रश्न विचारू शकता.

प्रश्न असे विचारा. 1901 चे हे निकाल चुकीचे होते, असं काँग्रेसनं ठरावानं जाहीर करावं का आणि तुम्ही त्यावर सही कराल का? डिसेंबर 2022 मध्ये प्रतिनिधिगृहानं 233 विरुद्ध 191 मतांनी पोर्तो रिकोला बंधनकारक सार्वमत देणारं विधेयक मंजूर केलं आणि सिनेटनं ते हातात घेतलंच नाही. ते पुन्हा आलं तर तुमचं मत काय? गरीब, वृद्ध, अपंगांचे भत्ते बेटावर राहिल्यामुळे का नाकारायचे? टाऊनहॉलमध्ये विचारा, मतदारसंघाच्या कार्यालयात फोन करा, सिनेटरला पत्र लिहा. एच-वन-बीच्या रांगेसाठी, ग्रीन कार्डच्या बॅकलॉगसाठी तुम्ही हे सगळं करता. ते कसं करायचं, हे तुम्हाला शिकवायला नको.

आणखी एक मागणं तुमच्या महाराष्ट्र मंडळांकडे आहे. दर रविवारी मराठी शाळेत तुम्ही मुलांना टिळकांचं स्वराज्य शिकवता. त्याच वर्गात हवाईच्या सह्यांचं एक पान दाखवा, मुलांना त्यातली वयं वाचू द्या. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात या विषयाला एक सत्र द्या आणि भाषण करायला आपल्यातला कोणी नको. एडिसनपासून पर्थ अँबॉय काही मैलांवर आहे, शिकागोत हम्बोल्ट पार्क आहे. पोर्तो रिकोची माणसं तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतायत. त्यांना बोलवा, त्यांचं ऐका, मग त्यांनाच विचारा की आमचं मत तुमच्या कामी कसं येईल. त्यांनी काय सांगितलं ते मला जरूर कळवा. मी इथल्या शाळेतल्या मुलांना ते वाचून दाखवीन.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका
सांगली